दहशतवादविरोधी आर्थिक निर्बंध आणि निर्वाहाचा हक्क : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नागरिकांच्या जीविताचे रक्षण करणे आणि त्यांच्यापैकी कोणावर उपासमारीची वेळ येऊ न देणे, ही आधुनिक कल्याणकारी राज्याची दोन मूलभूत कर्तव्ये मानली जातात. सामान्यतः ही दोन्ही कर्तव्ये परस्परांना पूरक असतात. तथापि, ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या दशकात ती एकमेकांच्या विरोधात उभी राहिल्याचे दिसते. संशयिताच्या हाती पैसा पडू नये म्हणून त्याची बँकखाती गोठवणारे राज्य आणि त्याच्याच घरातील पत्नीला व मुलांना निर्वाहभत्ता देणारे राज्य एकच होते. एका हाताने दिलेला भत्ता दुसऱ्या हाताने रोखून धरावा काय, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. ब्रिटनमध्ये या प्रश्नाने दीर्घ न्यायालयीन वादाचे रूप घेतले आणि २०१० साली त्याचा निकाल लागला.

प्रस्तुत लेखात आर्थिक निर्बंधांच्या या धोरणाचा उगम, त्याची यादीत नाव नसलेल्या कुटुंबीयांना बसलेली झळ, न्यायालयांनी त्याला घातलेली मर्यादा आणि भारताच्या, विशेषतः मुंबईच्या, अनुभवाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ, यांचा क्रमाने विचार केला आहे.

व्यापक निर्बंधांकडून लक्ष्यकेंद्री निर्बंधांकडे

या विषयाची सुरुवात दहशतवादापासून नव्हे, तर इराकपासून करावी लागते. इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६ ऑगस्ट १९९० रोजी ठराव क्रमांक ६६१ संमत करून इराकवर सर्वंकष आर्थिक निर्बंध लादले. त्यांचा भार राज्यकर्त्यांपेक्षा सामान्य जनतेवर अधिक पडला. अन्न, औषधे आणि शुद्ध पाणी यांच्या टंचाईच्या वार्ता जगभर पसरल्या. १९९५ च्या ठराव क्रमांक ९८६ अन्वये तेलाच्या मोबदल्यात अन्नधान्याची योजना आखली गेली. परंतु संपूर्ण राष्ट्राला वेठीस धरणारे निर्बंध नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरतात काय, हा प्रश्न त्यानंतरही मागे राहिला.

या टीकेतूनच लक्ष्यकेंद्री निर्बंधांची कल्पना पुढे आली. स्वित्झर्लंडच्या पुढाकाराने इंटरलाकेन येथे १९९८ आणि १९९९ मध्ये तज्ज्ञांच्या बैठका झाल्या. संपूर्ण देशाऐवजी दोषी मानल्या गेलेल्या विशिष्ट व्यक्तींची व संस्थांची मालमत्ता गोठवावी, म्हणजे निरपराध जनतेला झळ बसणार नाही, असा त्यामागील विचार होता. हा मूळ हेतू ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण निरपराधांना वाचवण्यासाठी घडवलेले हे साधन पुढील दहा वर्षांत निरपराधांच्याच स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचले.

७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. त्यानंतर १५ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १२६७ संमत केला. प्रारंभी तो अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीपुरता मर्यादित होता. डिसेंबर २००० मधील ठराव क्रमांक १३३३ ने ओसामा बिन लादेन व अल-कायदा यांच्याशी संबंधित व्यक्तींना त्याच्या कक्षेत आणले. जानेवारी २००२ मधील ठराव क्रमांक १३९० ने तर अफगाणिस्तानच्या भूमीशी असलेला संबंधही आवश्यक ठेवला नाही. सुरक्षा परिषदेच्या समितीच्या यादीत ज्याचे नाव येईल तो जगाच्या पाठीवर कोठेही असो, त्याची मालमत्ता गोठवणे प्रत्येक सदस्यराष्ट्राला बंधनकारक झाले. याशिवाय २८ सप्टेंबर २००१ चा ठराव क्रमांक १३७३ हा अधिक व्यापक होता. दहशतवादाला होणारा सर्व प्रकारचा अर्थपुरवठा रोखण्याची जबाबदारी त्याने राष्ट्रांवर टाकली आणि कोणाची मालमत्ता गोठवावी हे ठरवण्याचे कामही त्यांच्यावरच सोपवले.

यादीचे स्वरूप आणि तिचे परिणाम

ही यादी म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हता. एखादे राष्ट्र नाव सुचवी आणि समितीतील अन्य सदस्यांनी आक्षेप न घेतल्यास ते यादीत जाई. संबंधित व्यक्तीला आरोपांचा तपशील कळत नसे, बाजू मांडण्याची संधी मिळत नसे, आणि यादीतून नाव वगळण्यासाठी प्रारंभीच्या काळात तिला स्वतः समितीकडे अर्जही करता येत नसे. ती ज्या राष्ट्राची नागरिक वा रहिवासी असेल त्या राष्ट्राच्या सरकारनेच तिची बाजू मांडावी लागे.

नोव्हेंबर २००१ मध्ये अल बरकात या सोमाली धनप्रेषण संस्थेवर कारवाई झाली, तेव्हा स्वीडनमधील सोमाली वंशाचे तीन स्वीडिश नागरिकही यादीत आले. स्वीडनच्या सरकारने पाठपुरावा केल्यावर ऑगस्ट २००२ मध्ये त्यांपैकी दोघांची नावे वगळण्यात आली. बेल्जियममधील एका दाम्पत्याचे नाव जानेवारी २००३ मध्ये यादीत आले. त्यांच्याविरुद्धचा फौजदारी तपास २००५ मध्ये निष्पन्नाविना संपला, तरी त्यांची नावे जुलै २००९ पर्यंत यादीत राहिली. शिक्षा नाही, खटला नाही, आणि तरीही व्यवहार बंद, अशी ही स्थिती होती.

संपूर्ण मालमत्ता गोठवली तर मनुष्याने जगावे कसे, या प्रश्नाचे उत्तर मूळ ठरावांत पुरेसे नव्हते. ती उणीव २० डिसेंबर २००२ च्या ठराव क्रमांक १४५२ ने भरून काढण्याचा प्रयत्न केला. अन्नधान्य, घरभाडे, औषधोपचार, कर, विम्याचे हप्ते आणि वीज-पाण्यासारख्या सार्वजनिक सेवांचे शुल्क अशा मूलभूत खर्चांसाठी संबंधित राष्ट्राला रक्कम मोकळी करता येईल. मात्र त्याची पूर्वसूचना समितीला द्यावी आणि समितीने ४८ तासांत नकार न दिल्यास तो व्यवहार करावा, अशी ही तरतूद होती. युरोपीय समुदायाने २००२ च्या आपल्या नियम क्रमांक ८८१ मध्ये मार्च २००३ मध्ये दुरुस्ती करून ती स्वीकारली.

ही सवलत मानवतावादी होती यात शंका नाही. परंतु तिचे स्वरूप हक्काचे नसून परवान्याचे होते. जगण्यासाठी लागणारा पैसा हा नियम न राहता अपवाद झाला, आणि तो अपवाद मंजूर करण्याचा अधिकार प्रशासनाकडे राहिला. पुढील वादाचे मूळ येथेच आहे.

ब्रिटनमधील निर्वाहभत्त्यांचा वाद

यादीतील काही व्यक्ती ब्रिटनमध्ये पत्नी व मुलांसह राहत होत्या. या पत्नींची नावे कोणत्याही यादीत नव्हती आणि त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. सामाजिक सुरक्षा कायद्यांन्वये त्यांना उत्पन्न साहाय्य, बालकभत्ता, अपंगत्व निर्वाहभत्ता, घरभाडे साहाय्य असे लाभ मिळत. ब्रिटिश अर्थखात्याने मात्र असा पवित्रा घेतला की, ही रक्कम पत्नीला दिली तरी ती अप्रत्यक्षपणे पतीच्या ‘लाभासाठी’ दिल्यासारखीच होते. पत्नीने भत्त्यातून धान्य व भाजी आणली, त्याचा स्वयंपाक केला आणि त्या जेवणाला पतीही बसला, तर त्याला लाभ झाला. सबब परवान्याशिवाय हे भत्ते देता येणार नाहीत, असा हा युक्तिवाद होता.

परवान्याच्या अटी पाहिल्या म्हणजे या युक्तिवादाचा दैनंदिन अर्थ स्पष्ट होतो. भत्ता ठरावीक बँकखात्यातच जमा होई. कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे १० पौंडांपर्यंतच रोख रक्कम काढता येई, उर्वरित खर्च डेबिट कार्डानेच करावा लागे. दर महिन्याला संपूर्ण खर्चाचा हिशेब, पावत्या आणि बँकखात्याचा उतारा अर्थखात्याकडे पाठवावा लागे. खरेदी मूलभूत गरजांपलीकडे गेली नाही ना, याची अधिकारी तपासणी करू शकत. पतीच्या हाती रोख रक्कम दिल्यास तो गुन्हा ठरेल, असा इशाराही परवान्यात असे. गृहिणीच्या रोजच्या बाजारहाटावर राज्याची अशी नजर युद्धकाळातील शिधावाटपातही नव्हती. शिधापत्रिका सर्वांसाठी होती. ही पावत्यांची जंत्री मात्र केवळ विवाहसंबंधामुळे विशिष्ट स्त्रियांच्या वाट्याला आली होती.

तीन स्त्रियांनी या अटींना आव्हान दिले. न्यायालयाने त्यांची नावे गुप्त ठेवली आणि हा खटला ‘एम आणि इतर विरुद्ध अर्थखाते’ या नावाने ओळखला जातो. उच्च न्यायालय व अपील न्यायालय या दोन्ही स्तरांवर अर्थखात्याची भूमिका मान्य झाली. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्‌सपुढे आले तेव्हा ३० एप्रिल २००८ रोजी लॉर्ड हॉफमन यांनी या व्याख्येविषयी गंभीर शंका व्यक्त केली. यादीत नसलेल्या व्यक्तीच्या खासगी जीवनातील हा हस्तक्षेप दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्याच्या दृष्टीने होणाऱ्या उपयोगाच्या मानाने प्रमाणाबाहेर आहे, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. तथापि, प्रश्न युरोपीय नियमाच्या अर्थाचा असल्याने तो लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे सोपवण्यात आला.

‘लाभ’ या शब्दाचा अर्थ

युरोपीय न्यायालयापुढील प्रश्न वरकरणी भाषेचा होता. नियमाच्या निरनिराळ्या भाषांतील संहिता परस्परांशी जुळत नव्हत्या. इंग्रजी संहितेत यादीतील व्यक्तीच्या लाभासाठी निधी ‘उपलब्ध करून देण्यास’ मनाई होती, तर अन्य काही भाषांतील संहितेत तिच्या लाभासाठी निधी ‘वापरण्यास’ मनाई असल्याचा अर्थ निघत होता. पहिल्या अर्थाने निधी कोणाच्या हाती पडतो याला महत्त्व येते. दुसऱ्या अर्थाने त्या निधीचे पुढे काय होते याला. अशा स्थितीत केवळ शब्दांवरून निर्णय होऊ शकत नाही, नियमाचा हेतू पाहावा लागतो, ही भूमिका न्यायालयाने घेतली.

२९ एप्रिल २०१० रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने सांगितले की, दहशतवादी कृत्यांसाठी वापरता येईल असे आर्थिक बळ संबंधितांच्या हाती पडू न देणे, हा या मनाईचा हेतू आहे. घरात शिजलेल्या अन्नात किंवा डोक्यावरच्या छपरात वाटा मिळणे म्हणजे असे बळ मिळणे नव्हे. किमान गरजा भागतील इतपतच बेताने ठरवलेले हे भत्ते दहशतवादाच्या साधनांत कसे रूपांतरित होतील, याची कल्पना करणे कठीण आहे, असेही न्यायालयाने नमूद केले. पत्नी भत्त्याची रक्कम पतीच्या स्वाधीन करते, असे अर्थखात्याचेही म्हणणे नव्हते. म्हणून यादीतील व्यक्तीच्या पत्नीला दिले जाणारे निर्वाहभत्ते या मनाईच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय झाला.

या निकालाने निर्बंधांची व्यवस्था मोडीत काढली नाही. यादीतील व्यक्तीची मालमत्ता गोठलेलीच राहिली. न्यायालयाने केवळ एक कसोटी घालून दिली : हा पैसा शस्त्रात रूपांतरित होऊ शकतो काय? ज्या ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे येते, त्या ठिकाणी प्रतिबंध संपतो आणि तेथून पुढे निर्बंध चालू ठेवणे म्हणजे खटल्याविना शिक्षा देणे होय.

संसदेचा अधिकार आणि प्रशासनाची मर्यादा

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये दुसरा महत्त्वाचा निकाल लागला होता. गोठवणुकीचे आदेश संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर १९४६ च्या संयुक्त राष्ट्र अधिनियमातील एका सर्वसाधारण कलमाच्या आधारे काढले गेले होते. २००६ च्या दहशतवादविषयक आदेशानुसार एखादी व्यक्ती दहशतवादाशी संबंधित आहे ‘किंवा असू शकेल’ असा वाजवी संशय अर्थखात्याला असणे एवढेच पुरेसे होते.

‘अहमद विरुद्ध अर्थखाते’ या खटल्यात नव्याने स्थापन झालेल्या ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २७ जानेवारी २०१० रोजी हा आदेश रद्द ठरवला. अल-कायदा व तालिबानविषयक आदेशातील, सुरक्षा परिषदेच्या यादीला आपोआप लागू करणारी तरतूदही रद्द झाली. कारण त्या यादीविरुद्ध दाद मागण्याचा परिणामकारक मार्ग संबंधितांना नव्हता. नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर आघात करायचा असेल तर संसदेने तो हेतुपुरस्सर व स्पष्ट शब्दांत करावा, सर्वसाधारण अधिकाराच्या आडोशाने प्रशासनाने करू नये, हे त्यातील सूत्र होय. निर्बंधांखालील व्यक्ती वस्तुतः राज्याच्या कैदी होतात आणि त्यांच्या कुटुंबीयांवरील परिणामही भयंकर असू शकतात, याची दखल लॉर्ड होप यांनी घेतली.

फेब्रुवारी २०१० मध्ये संसदेने घाईने तात्पुरता कायदा केला. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दहशतवादी मालमत्ता गोठवणूक अधिनियम संमत झाला. यादीत नसलेल्या व्यक्तीला दिलेला सामाजिक सुरक्षेचा लाभ हा मनाईचा भंग ठरणार नाही, अशी स्पष्ट तरतूद त्यात करण्यात आली. जे प्रशासनाने परवान्याने दिले होते, ते संसदेने कायद्याने दिले. परवान्यापासून हक्कापर्यंतचा हा प्रवास या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही समांतर बदल घडत होते. सौदी उद्योजक यासीन कादी यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ३ सप्टेंबर २००८ रोजी, सुरक्षा परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी करणारा युरोपीय नियमही मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो, असा निर्णय दिला. डिसेंबर २००९ च्या ठराव क्रमांक १९०४ ने लोकपालाचे पद निर्माण केले आणि जून २०१० मध्ये कॅनडाच्या न्यायविद किम्बर्ली प्रोस्ट यांची त्यावर नियुक्ती झाली. जून २०११ च्या ठराव क्रमांक १९८९ ने त्यांच्या शिफारशींना अधिक वजन प्राप्त करून दिले. पुढे ९ डिसेंबर २०२२ च्या ठराव क्रमांक २६६४ ने मानवतावादी मदतीला निर्बंधांतून सर्वसाधारण सूट दिली. अल-कायदाविषयक व्यवस्थेपुरती ती प्रथम दोन वर्षांसाठी होती. २०२४ मध्ये ती पुढे चालू ठेवण्यात आली.

भारतीय संदर्भ : मुंबईची कसोटी

या विवेचनावर एक स्वाभाविक आक्षेप घेतला जाऊ शकतो. दूर युरोपात बसून हक्कांची चर्चा करणे सोपे आहे. ज्या शहराने रक्तपात सोसला त्याने ही उदारता का दाखवावी? हा आक्षेप मुंबईच्या बाबतीत विशेष तीव्र ठरतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यानंतर १० डिसेंबर २००८ रोजी सुरक्षा परिषदेच्या समितीने हाफिज सईद याचे नाव यादीत घातले. त्याच महिन्यात भारतीय संसदेने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमात दुरुस्ती करून कलम ५१-अ समाविष्ट केले आणि मालमत्ता गोठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला.

ऑगस्ट २०१९ मध्ये याच हाफिज सईदच्या संदर्भात मूलभूत खर्चाच्या सवलतीचा प्रश्न उपस्थित झाला. लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठातील निवृत्त अध्यापक म्हणून त्याला निवृत्तिवेतन मिळत होते आणि ते ज्या खात्यात जमा होई ते गोठवलेले होते. कुटुंबाच्या खर्चासाठी दरमहा १,५०,००० पाकिस्तानी रुपये काढू देण्याची पाकिस्तानची विनंती कोणत्याही सदस्याने आक्षेप न घेतल्याने समितीत मान्य झाली. ही वार्ता प्रसिद्ध होताच भारतात संताप व्यक्त झाला आणि तो अनाकलनीय नव्हता.

परंतु या दोन प्रकरणांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. ब्रिटनमधील स्त्रिया यादीत नव्हत्या. सईद स्वतः यादीत होता. त्या स्त्रियांचा भत्ता किमान गरजांपुरता बेतलेला होता. सईदच्या बाबतीत रक्कम मूलभूत गरजेइतकीच आहे काय आणि ती अन्यत्र वळणार नाही याची खात्री काय, हे विचारण्याचा अधिकार समितीला पूर्णपणे होता. म्हणजेच तीच कसोटी दोन्ही ठिकाणी लागू होते. उत्तरे मात्र निराळी येऊ शकतात. त्याच्या कुटुंबाने उपाशी राहावे हा त्या संतापाचा अर्थ नव्हता; ज्याच्यावर न्यायालयात खटला चालून शिक्षा व्हावयास हवी होती तो मोकळा होता, ही त्यामागची वेदना होती. फेब्रुवारी २०२० मध्ये लाहोरच्या दहशतवादविरोधी न्यायालयाने दहशतवादाला अर्थपुरवठा केल्याच्या आरोपांवरून त्याला शिक्षा सुनावली. मुंबई हल्ल्याचा न्याय मात्र त्यातून झाला नाही. निर्बंध हे खटल्याला पर्याय होऊ शकत नाहीत, हेच यावरून सिद्ध होते.

भारतातही मूलभूत खर्चाची सवलत कलम ५१-अ च्या अंमलबजावणीसाठी २७ ऑगस्ट २००९ रोजी काढलेल्या आदेशात अंतर्भूत करण्यात आली. नामसाधर्म्यामुळे वा अनवधानाने ज्याचे खाते गोठले असेल त्याला दाद मागण्याची पद्धतही त्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने संघटनांबरोबरच व्यक्तींनाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, तेव्हा या प्रश्नाचे महत्त्व आणखी वाढले. निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, अनुदाने असे अनेक लाभ थेट बँकखात्यात जमा होण्याच्या काळात खाते गोठणे म्हणजे चूल विझणे ठरू शकते. उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्याच पदपथावरील रहिवाशांच्या संदर्भात सांगितले होते. ब्रिटिश स्त्रियांच्या खटल्यातील तत्त्व भारतीय न्यायविचाराला परके नाही, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप

इराकच्या जनतेचे हाल टाळण्यासाठी जन्माला आलेले लक्ष्यकेंद्री निर्बंध लक्ष्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. कारण मनुष्य एकटा राहत नाही. त्याचे घर असते आणि त्या घरातील अन्न वाटून खाल्ले जाते. ‘लाभ’ या शब्दाचा अर्थ ताणत नेला तर तो अखेर एका ताटापाशी येऊन थांबतो, हे ब्रिटनच्या अनुभवाने दाखवून दिले.

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. प्रतिबंधक उपायाचे मोजमाप त्याच्या हेतूनेच व्हावयास हवे. ज्याच्यावर आरोप नाही त्याचा निर्वाह प्रशासनाच्या मर्जीवर नव्हे, तर कायद्यावर आधारलेला असावा. आणि यादीत नाव घालण्याइतकीच नाव वगळण्याची वाटही खुली असावी. या मर्यादा पाळल्याने दहशतवादाविरुद्धचा लढा दुबळा होतो, असे मानण्यास आधार दिसत नाही. त्या तीन स्त्रियांच्या पावत्या तपासण्यात खर्च झालेले प्रशासनाचे श्रम पैशाच्या खऱ्या वाटा शोधण्यात खर्च झाले असते, तर सुरक्षितता आणि न्याय ही दोन्ही उद्दिष्टे अधिक साधली असती.